अहवालात आयएल-६ वाढलेले, मग औषध टीएनएफवरचे का?

नमस्कार. आपण कळवलेली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतर पालकांनाही समजेल. आपला मुलगा दोन वर्षे आठ महिन्यांचा, वजन साडेबारा किलो. तापाच्या सहाव्या दिवशी लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावरचे पुरळ आणि हातापायांची सूज पाहून डॉक्टरांनी कावासाकी आजाराचे, म्हणजे लहान मुलांच्या धमन्यांना, विशेषतः हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांना, सूज आणणाऱ्या आजाराचे निदान केले आणि त्याच रात्री आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची, दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी) सुरू केले. ते संपून चाळीस तास झाले तेव्हा पुन्हा १०१.८ ताप आला, म्हणून इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारे औषध दिले गेले आणि त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे विसाव्या दिवसापर्यंत, ताप आलेला नाही. पहिल्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, एलएडी या कोरोनरी धमनीचा झेड-स्कोअर (मुलाच्या अंगाच्या मानाने धमनी किती रुंद आहे याचे माप) २.८ होता. आपल्या मेहुण्यांच्या आग्रहावरून भरतीच्या दिवशी सायटोकाइन पॅनेल नावाची, सूज चेतवणाऱ्या रेणूंचे रक्तातील प्रमाण मोजणारी महागडी तपासणी झाली होती आणि तिच्यात आयएल-६ हे ८६, तर टीएनएफ ‘सामान्य मर्यादेत’ असे आले. वाढलेले एक आणि औषध दिले दुसऱ्यावरचे, तेव्हा डॉक्टरांचा नेम चुकला, आयएल-६ वरचेच औषध द्यायला हवे होते, असे मेहुण्यांचे म्हणणे आहे. या रेणूंपैकी खरा दोषी कोण, ही तपासणी दर महिन्याला करावी का आणि ताप नसताना ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, ज्यावरून सुजेचा अंदाज घेतात) ९८ कसा, हे आपले प्रश्न आहेत.

नेम चुकलेला नाही. मेहुण्यांची शंका मात्र अडाणीपणाची नाही. कागदावर जे छापून आले आहे त्यावरून कोणीही हाच निष्कर्ष काढेल, आणि नवशिके डॉक्टरही काढतात. तो चुकीचा का आहे हे सांगायचे, तर हे रेणू काय करतात, कुठे करतात आणि कोण कोणाच्या मागून येतो हे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

सायटोकाइन म्हणजे प्रतिकारपेशींनी आणि इतरही पेशींनी सोडलेली छोटी प्रथिने, ज्यांच्याद्वारे एक पेशी दुसरीला काय करायचे ते कळवते. ही दवंडी आहे असे समजा. पण ती ऐकू येते ज्याला कान आहेत त्यालाच, आणि पेशीचे कान म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचे ग्राहक रेणू. एकाच दवंडीने यकृत एक काम करते, मेंदू दुसरे आणि रक्तवाहिनीचे अस्तर तिसरेच. यातल्या एका उपगटाला केमोकाइन म्हणतात. त्यांचे काम अधिक नेमके असते: कोणत्या पांढऱ्या पेशींनी रक्त सोडून कोणत्या ठिकाणी उतरायचे, याची वाट ते दाखवतात. आपल्या पॅनेलमध्ये सायटोकाइन होते, केमोकाइन बहुधा नव्हते. आणि कावासाकीत धमनीच्या भिंतीपर्यंत पेशी पोहोचवण्याचे काम बऱ्याच अंशी केमोकाइनचेच असते.

टोकियोतील रेडक्रॉस रुग्णालयात डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी या आजाराचा पहिला मुलगा पाहिला तो १९६१ च्या जानेवारीत, आणि पन्नास मुलांचे वर्णन जपानी भाषेत छापले ते १९६७ मध्ये. त्यानंतर एवढी वर्षे लोटली तरी आजार नेमका कशामुळे सुरू होतो हे निश्चित झालेले नाही. कुठलातरी जंतू किंवा जंतूचा अंश जनुकीयदृष्ट्या तशी प्रवृत्ती असलेल्या बालकात ही साखळी सुरू करतो, अशी बहुतेकांची धारणा आहे. आपण त्याच्या जेवणात, पाण्यात किंवा लसींत काही चुकले का, हे अपराधी सुरात विचारले आहे. तसे काही नाही, हे आधी मनातून काढून टाका.

ती साखळी सुरू झाली की सर्वांत आधी मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी चेततात. त्यांच्या आत इन्फ्लमझोम नावाची एक जुळणी आहे. ती कार्यान्वित झाली की आयएल-१ बीटा कापून तयार होते आणि बाहेर पडते. हेच रेणू मेंदूतील तापमान ठरवणाऱ्या केंद्रावर परिणाम करून पॅरासिटामॉलला न जुमानणारा ताप आणतात. त्याच सुमारास टीएनएफ बाहेर पडते आणि धमनीच्या आतल्या अस्तरावर काम करते. हे अस्तर एका पेशीच्या जाडीचे, गुळगुळीत असते आणि निरोगी अवस्थेत त्याला रक्तातील पेशी चिकटत नाहीत. टीएनएफ आणि आयएल-१ यांची दवंडी ऐकली की त्याच अस्तरावर चिकटवणारे रेणू उगवतात आणि वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे अडखळून थांबू लागतात. मग अस्तरातून आणि भोवतालच्या पेशींतून केमोकाइन पाझरतात. आयएल-८ न्यूट्रोफिलना ओढते, एमसीपी-१ मोनोसाइटना, आणि इंटरफेरॉन-गॅमाच्या सांगण्यावरून तयार होणारे आयपी-१० टी-पेशी या आणखी एका प्रकारच्या प्रतिकारपेशींना. तैवानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये आयपी-१० हे कावासाकी ओळखण्यासाठी उपयोगी पडू शकेल असे दाखवले होते. तरीही रोजच्या निदानात त्याचा वापर होत नाही.

भिंतीत शिरलेल्या न्यूट्रोफिलजवळ कातरणारी विकरे (एन्झाइम) असतात, त्यांपैकी एमएमपी-९ हे नाव आपल्याला वाचनात आले असेल. धमनीच्या भिंतीत रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या तंतूंचे पापुद्रे असतात, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब तेच झेलतात. ते कातरले गेले की भिंत दाबापुढे बाहेर ढकलली जाते, आणि यालाच आपण इकोवर फुगवटा म्हणतो. याच दिवसांत व्हीईजीएफ या आणखी एका रेणूमुळे बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात. आपल्या मुलाच्या हातापायांवर जी टणक, दाबली तरी खळगा न पडणारी सूज होती आणि त्याला चमचाही धरता येत नव्हता असे आपण लिहिले आहे, त्या सुजेमागे हा गळकेपणा आहे. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन २.९ पर्यंत उतरण्यातही त्याचा वाटा आहे.

आता आयएल-६ कडे वळू. टीएनएफ आणि आयएल-१ चेतले की त्यांच्या सांगण्यावरून अनेक प्रकारच्या पेशी आयएल-६ तयार करतात, म्हणजे या साखळीत ते बऱ्याच अंशी मागून येणारे आहे, आणि आले की भरपूर येते. त्याचा मुख्य श्रोता यकृत. यकृत त्याच्या आज्ञेवरून सीआरपी (सूज असल्याचे दाखवणारे, रक्तात मोजता येणारे प्रथिन) आणि रक्त गोठवण्यास लागणारे फायब्रिनोजेन बनवते, अल्ब्युमिन बनवणे कमी करते, लोह अडवून ठेवणारे हेप्सिडिन वाढवते, ज्यामुळे आजारपणात मुलाचे हिमोग्लोबिन उतरते, आणि अशा रेणूला चालना देते ज्याने दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट चढू लागतात. म्हणूनच आयएल-६ ८६ आले ही बातमी आम्हाला वेगळी अशी काही सांगत नाही. आपल्या मुलाचा सीआरपी १८ होता, त्यातच ती सांगितली गेली होती, आणि तीही पुष्कळ कमी पैशांत.

टीएनएफ सामान्य कसे, हा प्रश्न उरतो. टीएनएफ रक्तात काही मिनिटेच टिकते. ते जिथे तयार होते तिथेच वापरले जाते, बराचसा भाग पेशीच्या पृष्ठभागालाच जोडलेला राहतो, आणि जे सुटते त्याला पकडून ठेवणारे विरघळलेले ग्राहक रेणू रक्तात आधीच फिरत असतात. कावासाकीच्या मुलांत हे सुटे ग्राहक वाढलेले आढळतात, म्हणजे टीएनएफचे काम चाललेले असते. पण सुईने दंडातून काढलेल्या दोन मिलिलिटर रक्तात ते सापडेलच असे नाही. त्यात नमुना किती वेळात वेगळा केला, थंड ठेवला की नाही, प्रवासात किती तास गेले, याने आकडा बदलतो. मे महिन्यात नागपुरातून बाहेरगावी पाठवलेल्या नळीचे काय होत असेल, याचा विचार मी तरी अहवालावरची स्वाक्षरी पाहण्याआधी करतो. शिवाय दोन प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्या तर त्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो.

यापेक्षा मोठी अडचण अशी की हातातल्या शिरेतील रक्त म्हणजे धमनीची भिंत नव्हे. आपल्याला काळजी आहे ती दोन मिलिमीटर रुंदीच्या एका नळीच्या भिंतीची, आणि तिथे कोणत्या रेणूचे प्रमाण किती आहे हे जिवंत मुलात मोजण्याची सोय नाही. उंदरांवर अभ्यास होतो: काही जीवाणूंच्या किंवा बुरशीच्या पेशींतून काढलेला अंश टोचला की उंदरांच्या कोरोनरी धमन्यांना कावासाकीसारखी सूज येते. या उंदरांमध्ये आयएल-१ चा मार्ग बंद केला की धमन्या वाचतात, आणि टीएनएफ अडवल्यानेही फायदा दिसतो. औषध निवडताना डॉक्टर जे पाहतात ते हे, म्हणजे साखळीतला कोणता दुवा तोडल्यावर भिंत वाचते. रक्तात कोणता आकडा सर्वांत मोठा आहे हे नव्हे.

आणि आयएल-६ बंद करून पाहिलेच नाही असेही नाही. टोसिलिझुमॅब हे औषध त्याचा ग्राहक अडवते. जपानमधील डॉक्टरांनी २०१७ मध्ये ते दिलेल्या चार कावासाकी बालकांचा अनुभव प्रसिद्ध केला. चारपैकी दोघांच्या कोरोनरी धमन्यांत फुगवटे तयार झाले. चार ही संख्या लहान आहे, तिच्यावरून कायमचा निकाल देता येत नाही. पण या औषधाचा एक गुण असा की ते यकृतापर्यंत जाणारी दवंडीच तोडते, त्यामुळे सीआरपी झपाट्याने उतरतो, ताप जातो, आणि कागदावर मूल बरे दिसत असताना भिंतीत काय चालले आहे ते कळत नाही. मेहुण्यांनी सुचवलेले औषध हेच असावे. मी ते आपल्या मुलाला दिले नसते.

इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफला बांधून निकामी करणारे प्रतिपिंड आहे. आयव्हीआयजीनंतरही ताप असणाऱ्या मुलांत ते द्यावे की आयव्हीआयजीचीच दुसरी मात्रा द्यावी, याची तुलना अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. इन्फ्लिक्सिमॅब मिळालेल्या मुलांपैकी ७७ टक्के मुलांचा ताप चोवीस तासांत गेला, दुसऱ्या आयव्हीआयजीच्या गटात ५१ टक्क्यांचा. धमन्यांच्या स्थितीत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपल्याकडे हे औषध देताना एक जास्तीची पायरी असते. क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवण्याचे काम टीएनएफ करते, त्यामुळे ते अडवण्याआधी घरात कोणाला क्षय आहे का हे विचारणे आणि छातीचा एक्स-रे पाहणे आवश्यक ठरते. आपल्याला त्या रात्री दोनदा ‘घरात कोणाला टीबी?’ असे विचारले गेले आणि आजोबांना राग आला, असे आपण लिहिले आहे. त्यामागचे कारण हे होते.

भरतीच्या दिवशी दिलेले आयव्हीआयजी यापैकी कुठल्या एकाच रेणूवर जात नाही. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली ती प्रतिपिंडे असतात. किलोला दोन ग्रॅम या हिशेबाने आपल्या मुलाला पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या, दहा-बारा तास थेंबाथेंबाने गेल्या असतील. ती चेतलेल्या न्यूट्रोफिलना शांत करतात, आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढवतात, आयएल-१० सारखे शमवणारे रेणू वाढवतात. एका वेळी अनेक ठिकाणी थोडे थोडे. उपचार न झालेल्या मुलांपैकी सुमारे पाचातल्या एकाला, किंबहुना त्याहून किंचित अधिकांना, धमनीचे फुगवटे होतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी मिळाले तर हे प्रमाण चार ते पाच टक्क्यांवर येते. मला स्वतःला यातून वाटते ते असे की ज्या आजारात एवढे संदेश एकाच वेळी फिरत आहेत, तिथे सर्वांचा आवाज थोडा थोडा उतरवणारे औषध पहिले असावे हे योग्यच आहे. ज्या दहा ते वीस टक्के मुलांत ते पुरत नाही, म्हणजे ते संपून छत्तीस तास झाल्यावरही ताप असतो किंवा परत येतो, तिथे मग नेमका दुवा तोडावा लागतो.

त्यासाठी टीएनएफखेरीज इतर दुवेही आहेत. जपानमध्ये धोका जास्त असलेल्या मुलांना सुरुवातीपासूनच आयव्हीआयजीसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन पाहिले, तेव्हा धमन्यांतील दोषांचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. ही चाचणी २०१२ ची. आयएल-१ अडवणारे अनाकिन्रा आजार हट्टी असलेल्या रुग्णांत वापरले जाते. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची गोष्ट मला विशेष आवडते, कारण तिथे जनुकांचा अभ्यास आधी झाला आणि औषध नंतर आले. जपानी संशोधकांना २००८ मध्ये आयटीपीकेसी नावाच्या जनुकाचा एक प्रकार कावासाकीच्या मुलांत जास्त आढळला. हे जनुक टी-पेशींच्या आतल्या कॅल्शियमच्या संदेशाला ब्रेक लावते, आणि तो ब्रेक ढिला असेल तर टी-पेशी जास्त दवंड्या पिटतात. सायक्लोस्पोरिन नेमका तोच मार्ग अडवते, म्हणून ते वापरून पाहिले गेले, आणि २०१९ मध्ये छापलेल्या चाचणीत धोक्यातील मुलांत धमन्यांतील दोष ३१ टक्क्यांऐवजी १४ टक्के आढळले.

आता थोडे आपल्या गावाकडे. नागपुरात पावसाळ्यानंतर तापाचे मूल आले की डेंग्यू आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) या दोन गोष्टी पहिल्यांदा मनात येतात, आणि तशा त्या यायलाच हव्यात. पुरळ, सुजलेले हात, उतरलेले अल्ब्युमिन या तिन्ही गोष्टी त्यांतही दिसतात, आणि आयएल-६ त्यांतही वाढते. म्हणजे पॅनेलने निदानालाही मदत होत नाही. विदर्भात आणखी एक गोष्ट आहे जी पुस्तकांत कावासाकीच्या पानावर नसते: सिकलसेल (तांबड्या पेशींचा आकार बिघडवणारा आनुवंशिक रक्तविकार) असलेल्या एक-दोन वर्षांच्या बालकाला ताप आणि हातापायांची वेदनादायक सूज येते, आणि घाईत ती कावासाकीची सूज वाटू शकते. म्हणून भरतीच्या दिवशी आपल्या मुलाची सिकलसेलची तपासणी पाठवली गेली. ती आपल्याला अनाठायी वाटली. माझ्या मते ती करायलाच हवी होती, कारण सिकलसेलच्या मुलाला एवढे आयव्हीआयजी देताना रक्त घट्ट होण्याचा धोका आधी विचारात घ्यावा लागतो.

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या उन्हाळ्यात, कावासाकीसारखी दिसणारी पण वयाने मोठी मुले आम्ही सर्वांनीच पाहिली. त्यांच्यात इंटरफेरॉन-गॅमाच्या मार्गातील रेणू जास्त आणि प्लेटलेट कमी, तर कावासाकीत आयएल-१७ चा वाटा अधिक, असा फरक अभ्यासांत पुढे आला. बाहेरून भावंडे वाटणाऱ्या दोन आजारांची आतली बोली वेगळी असू शकते, एवढेच येथे नोंदवतो.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत उमरेडकडची सात महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. नऊ दिवसांचा ताप, प्रचंड किरकिर, अंगावर येऊन गेलेले पुरळ. डोळे किंचित लाल, बाकी काही नाही. दोन प्रतिजैविके बदलून झाली होती, तिसरे मी लिहीत होतो. तिची आजी बाळाची बाही वर करून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, दंडावरचा हा डाग पाहा न जी, लालम्लाल झाला.” तो जन्मतः दिलेल्या बीसीजी लशीचा व्रण होता. मी पाहिले आणि माशी चावली असेल असे म्हणून कागदाकडे वळलो. बीसीजीची आठवण ठेवणाऱ्या प्रतिकारपेशी त्या व्रणात असतात, आणि कावासाकीत सगळीकडे दवंडी पिटली जाते तेव्हा त्या पुन्हा चेततात. इतर लक्षणे अपुरी असलेल्या तान्ह्या बाळात हा व्रण लाल होणे हा फार मोलाचा पुरावा आहे. चौदाव्या दिवशी बोटांच्या नखांखालून कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सुटू लागली, प्लेटलेट आठ लाखांवर गेल्या आणि तेव्हा कुठे मी इको करायला पाठवले. दोन्ही धमन्यांत फुगवटे होते. त्या काळी सायटोकाइन पॅनेल असते तरी मला वाचवले नसते. दंडाकडे नीट पाहिले असते तर वाचलो असतो. तेव्हापासून तापाच्या प्रत्येक तान्ह्या बाळाची डावी बाही मी स्वतः वर करतो.

आपल्या ईएसआरचे उत्तर सोपे आहे. आयव्हीआयजीने रक्तात भरपूर प्रथिन ओतले जाते, त्यामुळे तांबड्या पेशी लवकर खाली बसतात आणि ईएसआर कित्येक आठवडे वाढलेला दिसतो. आयव्हीआयजीनंतर ईएसआर पाहूच नये. सीआरपी पाहावा, आणि तो पाहताना एकक पाहावे. काही प्रयोगशाळा डेसिलिटरमध्ये देतात, काही लिटरमध्ये, आणि १८ व १८० ही एकच गोष्ट असते. आपल्या दुसऱ्या अहवालातील ‘९’ हा लिटरमधला आकडा आहे, त्यामुळे तो १८ चा निम्मा नसून विसावा भाग आहे.

सायटोकाइन पॅनेल दर महिन्याला करू नये. एकदाही करू नये. त्याच्या कुठल्याही आकड्यावरून आपल्या मुलाचे कुठलेही औषध बदलणार नाही, आणि ज्या तपासणीने निर्णय बदलत नाही ती मुलाच्या हाताला सुई टोचून करण्याचे कारण मला दिसत नाही. हे पैसे इकोसाठी ठेवा. पुढचा इको याच आठवड्यात आणि त्यानंतरचा सहाव्या आठवड्याच्या सुमारास व्हायला हवा. नेमक्या तारखा आपले हृदयरोगतज्ज्ञ देतील, त्या चुकवू नका. इकोच्या आधी वजन आणि उंची पुन्हा मोजून घ्यायला सांगा, कारण झेड-स्कोअर मुलाच्या अंगाच्या आकारावरून काढतात आणि उंची अंदाजे लिहिली तर स्कोअरही अंदाजेच निघतो. मूल रडत असताना एलएडी नीट दिसत नाही. झोपेचे औषध देऊ का असे तिथे विचारले तर घाबरून नाही म्हणू नका. झेड-स्कोअर २.५ ते ५ हा लहान फुगवट्याचा टप्पा आहे, आपला २.८ त्याच्या खालच्या टोकाला आहे. फुगवट्यांपैकी निम्म्याहून अधिक एक-दोन वर्षांत मापाने पूर्ववत होतात, आणि लहान फुगवट्यांत ही शक्यता आणखी चांगली असते. मापाने म्हणतो, कारण भरून येण्याच्या त्या कामातही टीजीएफ-बीटासारखे रेणू आतून नवे अस्तर जाड करत असतात. म्हणून माप सामान्य झाल्यावरही हृदयरोगतज्ज्ञ लगेच फाइल बंद करत नाहीत.

ॲस्पिरिन आता ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा भाग चालू आहे, ते किलोला तीन मिलिग्रॅम या हिशेबाने योग्य आहे. ते स्वतःहून बंद करू नका. मध्ये ताप आला तर पॅरासिटामॉल द्या, आयब्युप्रोफेन नको, कारण ते ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणते. कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलाशी संपर्क आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. या दोन आजारांत ॲस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा एक दुर्मीळ पण गंभीर विकार होऊ शकतो. फ्लूची टोचून द्यायची लस मात्र घ्यावी. कांजिण्यांची आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची राहिलेली लस आयव्हीआयजीपासून अकरा महिने पुढे ढकलायची आहे, कारण दात्यांची प्रतिपिंडे त्या लशीला काम करू देत नाहीत. अंगणवाडीतून किंवा शाळेतून विचारणा झाली तर दाखवायला आयव्हीआयजीची तारीख लिहिलेले डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

इकोच्या वेळी पहिल्या इकोचा छापील अहवाल सोबत न्या, नुसता ‘२.८’ हा आकडा सांगू नका. मिलिमीटरमधले माप आणि त्या दिवशीचे वजन त्या कागदावर आहे, आणि पुढची तुलना त्याच दोन गोष्टींवर होणार आहे.